काठीची खळगी

ये गं सुमे, अशी जवळ बस. 'मावशी, चिखल कसला राखतेस?' म्हणून फोनवर हसतेस ना, शहाणे! ऐक आता.

आमच्या वाडीवरच्या पाणथळीत, जमीन सुकवायला, फार पूर्वी दोन चर खणलेले. गेल्या वर्षी आम्ही बायकांनी एक दगडमातीने बुजवला, दुसरा मुद्दाम उघडा ठेवला. आज सकाळी बुजवल्या चराकडे माझी काठी रुतली. उपसली, तर खळगी हळूहळू पाण्याने भरली. उघड्या चराकाठी टोचून पाहिली, तिथे नुसता काळा भुसा. पिढ्यान्‌पिढ्या कुजून साठलेला पाला वाळून वाऱ्यावर चाललेला. आपण मायेलाही ओल म्हणतो ते उगाच नाही. मुरायला वर्षं लागतात आणि आटायला एक चर पुरतो.

शेजारचा गणपत म्हणाला, "काकू, पावसाचं पाणी असेल ते."

"असेल रे. पण पाऊस काय एकाच काठावर पडला?"

बुजवलेला चर पुन्हा खणायचं ग्रामसभेत निघणार आहे. आमची विहीर याच ओलीवर जगते. मी सगळ्यांना तिथे नेऊन काठी हातात देणार, हलणार नाही. तूही त्या दिवशी चल, जुन्या चपला घालून. पहिली काठी तूच टोच.