चातुर्मासातलं वांगं

हे आजवर माझ्याजवळच राहिलं आहे. आईला सांगितलं नाही, बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. नोकरीभर मी दुसऱ्यांच्या चुका छापल्या — कोणी काय केलं, कुठे केलं, कोण साक्षीला होतं. ही एक बातमी मात्र दाबून ठेवली. आज तुम्हाला सांगतो आहे, कारण गेल्या महिन्यात मी तीत आणखी एका खोट्याची भर घातली.

अंबरनाथ पश्चिमेला एका वाचनालयाच्या सभागृहात परदेशी सिनेमा दाखवायचा होता आणि चर्चेची सुरुवात मी करायची होती. सिनेमा युद्धकाळातला. खेड्यातल्या एका बेकरीवाल्याकडे एक ज्यू मुलगा भाचा म्हणून राहतो. नाव बदललेलं, घराणं बदललेलं. शेजारचा मुलगा त्याचा जिवलग होतो, त्याला खरं कळतं, तो गप्प राहतो. मग एक दिवस शाळेत सैनिक येतात आणि मुलांना एकेक करून चर्चमधली प्रार्थना म्हणायला लावतात. हा मधेच अडखळतो. मित्र हळूच पुढचा शब्द पुरवतो. अधिकाऱ्याचं तिकडे लक्ष जातं — ह्यालाच शब्द का पुरवावा लागला? संपलं.

चर्चेत मी म्हणालो की त्या मित्राला दोष देता येणार नाही. मुलं गुपितं फोडत नाहीत, त्यांच्या हातून ती सांडतात. वाक्य लोकांना आवडलं. त्या मुलाबद्दल ते खरंही होतं.

मागच्या रांगेतून नितीन उठला. नितीन माझा बालमित्र. मीच त्याला बोलावलं होतं — का बोलावलं? अजून नीट सांगता येत नाही.

“ह्या साहेबांमुळे आमची राहती खोली गेली होती,” तो हसत म्हणाला. “एका वांग्यावरून! आणि ह्याला बिचाऱ्याला पत्ता पण नव्हता.”

सभागृह हसलं. मीही हसलो.

आता खोलीचं सांगतो. बदलापुरात माझ्या काकांची चाळ होती. आमचं मूळ घर देशावरचं, पण काका इथे स्थिरावले होते आणि आम्ही सगळे एकत्र राहायचो. आम्ही आठवीत असताना नितीनचं कुटुंब तिथे भाड्याने आलं. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. काकूने नितीनच्या आईला पहिल्याच दिवशी विचारलं, कुलदैवत कोणतं? आडनाव ‘कर’वालं असलं की आमच्याकडे असंच विचारतात. तसं आडनाव कोणाचंही असू शकतं, दैवत मात्र सांगावं लागतं. ती म्हणाली, जेजुरीचा खंडोबा. काकू खूश झाली. आमचाही तोच.

नितीन आणि मी एका बाकावर बसायचो. एका रविवारी तो मला अंबरनाथच्या बुवापाड्याला त्याच्या मामाकडे घेऊन गेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची. मामीने पोहे दिले, मी खाल्ले. परत येताना त्याने माझा हात धरून मला थांबवलं. मग म्हणाला, “घरी बोलू नको हां. खोली जाईल. आधीच्या दोन अशाच गेल्यात.” मी आईची शपथ घेतली.

म्हणजे मला माहीत होतं. तो कोण हे माहीत होतं, आणि कळलं तर काय होईल हेही. एवढं लक्षात ठेवा.

खंडोबा ज्यांचं कुलदैवत, त्यांच्यात चातुर्मास लागला की वांगं बंद होतं. ते थेट चंपाषष्ठीला, देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच ताटात येतं. आमच्या घरात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. नितीनच्या पणजीलाही ठाऊक असेल. पण छप्पन साली त्यांच्या घरातून देव्हारा गेला, त्याबरोबर त्याचे नियमही गेले. त्याच्या आईने देवाचं नाव तेवढं घेतलं होतं. त्या देवाला काय चालत नाही, हे तिला कोण सांगणार?

श्रावण सरत आला होता. मधल्या सुट्टीत नितीनने डबा उघडला — भाकरी आणि भरली वांगी. मी बघितलं. “आज नको खाऊस,” एवढं म्हणता आलं असतं. आईला जाऊन सांग, एवढंही पुरलं असतं. मी एक फोड उचलून खाल्ली आणि गप्प राहिलो.

त्याच आठवड्यात शाळेच्या खो-खो संघात त्याला घेतलं, मला नाही. रोज शाळा सुटल्यावर तो मैदानावर थांबायचा, नव्या पोरांत रमायचा आणि मी एकटा घरी यायचो. कारण एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मी तुम्हाला नक्की सांगितलं असतं.

एका संध्याकाळी मी काकूला म्हणालो, “नितीनच्या डब्यात वांग्याची भाजी होती.”

बाकी एक अक्षर नाही. शपथही मोडली नाही — बघा, आठवीतल्या मुलाने केवढी काळजी घेतली होती. काकूने अंबरनाथच्या तिच्या बहिणीकडे चौकशी लावली. आठवडाभरात सगळं कळलं, आणि वांग्याची गोष्ट माझ्या तोंडून गेली हेही चाळभर झालं. आवाज कोणी चढवला नाही, जातीचा शब्द कोणी काढला नाही. काकांनी नितीनच्या वडिलांना एवढंच सांगितलं की गावाकडून माणसं येणार आहेत, खोली लागेल. नितीनच्या आईने काकूला लिंबाचं लोणचं दिलं होतं. काकूने ती बरणी परसात उपडी केली, तेव्हा नितीनची आई नळावर होती. तिने ते पाहिलं आणि हंडा अर्धा भरला होता तसाच उचलून आत नेला.

ते मामाच्या एका खोलीत परत गेले. नितीनची शाळा वर्षाच्या मधेच बदलली. खो-खोही सुटला. संघात त्याची जागा मला मिळाली. हेही कोणाला सांगितलं नव्हतं.

सिनेमानंतर आम्ही बाहेर चहा घेत उभे होतो. नितीन आता सोनिवलीला राहतो, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. दारावर ते तेव्हा लावलेलं ‘कर’वालं नाही, खरं आडनाव आहे. तो म्हणाला, “एक विचारू? मुद्दाम नव्हतं ना ते?”

“नाही रे,” मी म्हणालो.

“तेच! आई अजून म्हणते, त्या पोराने सांगितलं, जाणूनबुजून सांगितलं. किती भांडलोय मी तिच्याशी तुझ्यासाठी. थांब.” त्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि आवाज मोठा केला. “आई, हा इथेच आहे. विचारलं मी त्याला. नव्हतं मुद्दाम. सांगत होतो की नाही?”

पलीकडून तिचा बारीक आवाज आला. वय झालंय तिचं. म्हणाली, “बरं बाबा. माझंच चुकलं असंल. उगाच इतकी वर्षं त्या लेकराला बोलत राहिले. जेवायला घेऊन ये त्याला.”

मी फोनकडे तोंड करून म्हणालो, “येतो, मावशी.”

अजून गेलेलो नाही. नितीन माझं लिहिलेलं वाचतो, हेही वाचेल, तिला वाचून दाखवेल. तिचं चुकलं नव्हतं.

आता राहिलेलं सांगतो. त्या संध्याकाळी काकू स्टोव्हवर भाकरी करत होती. स्टोव्हचा आवाज मोठा होता. मी बोललो ते तिला ऐकू गेलं नाही. ती म्हणाली, “काय रे?” मी “काही नाही” म्हणू शकलो असतो. मी स्टोव्हजवळ गेलो, खाली बसलो आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने तेच वाक्य पुन्हा म्हणालो.