चार बोटं उघडी काच

दत्तूमामा गेले, असा त्यांच्या मुलीचा, सुरेखाचा फोन आला तेव्हा मी सांगवीच्या घरी भाजी निवडत होते. हार्ट अटॅक. मी म्हणाले, "अगं, पण मला त्यांना एक सांगायचं होतं…" पण दोन वर्षांत माझं तोंड कुणी दाबून धरलं होतं!

दत्तूमामा निघोजेचे. आमच्या चाकणच्या कंपनीत चाचणीच्या गाड्या चालवायचे, मी मागे लॅपटॉप घेऊन बसायची. काम ऐकायला सोपं. ट्रॅकवर गाडी भरधाव न्यायची, न्यूट्रलला सोडायची आणि मंदावायला किती वेळ लागतो ते मोजायचं. इंजिनाचा जोर सुटला की तिला अडवणारं मुख्य काय उरतं? टायरचं घासणं आणि हवा. वेगात तर हवाच जास्त. वेग दुप्पट झाला की तिचा विरोध चौपट होतो. मी हे कॉलेजात सूत्रानं शिकले, मामा कानानं शिकले होते. "वारं दिसत न्हाई मॅडम, पण धरून ठिवतंय," म्हणायचे. म्हणून आमच्याकडे शिस्त होती : आरसे ठरल्या जागी, काचा गच्च बंद. पुढच्या काचा ड्रायव्हरनं बघायच्या, मागच्या इंजिनिअरनं.

दोन वर्षांपूर्वी एके दिवशी नव्या गाडीतल्या प्लास्टिकच्या वासानं मला मळमळत होतं. मी मागची काच चार बोटं खाली केली आणि आकड्यांत बुडाले. संध्याकाळी रिपोर्ट जायचा होता, साहेबांचे फोनवर फोन. दुसऱ्या फेरीला मामा म्हणाले, "मॅडम, मागनं आवाज येतोय."

"तुम्ही गाडी चालवा, आवाजाचं मी बघते!" मी खेकसले. बघितलं मात्र नाही.

सगळ्या फेऱ्यांत गाडी लवकर मंदावली. आकडे बघून साहेबांचा पारा चढला. उतरताना मामांनी ती काच पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप वर केली. केबिनमध्ये साहेब त्यांच्यावरच तुटून पडले, "पाय ब्रेकवर होता ना? वय झालंय तुमचं!"

"न्हाई साहेब. पुढची काच उगडी राह्यली. माजीच चूक, इसरलो."

नोकरीत कायम व्हायला मला पंधरा दिवस उरले होते. तोंड उघडलं असतं तर… नाही उघडलं. साहेबांनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक बंद केला. यार्डात उभ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. बाहेर आल्यावर मी रडायला लागले तर मामाच मला समजावत होते. "आज साहेब तापल्यात. उद्या सांगा निवांत."

एका दिवसासाठी घेतलं होतं त्यांनी ते अंगावर! पंधरा दिवसांनी मी कायम झाले, आणि मग सांगायला आणखीच जड झालं. यार्ड टाळून मी लांबच्या गेटनं जायला लागले. लाज वाटते लिहिताना, पण हेच झालं.

तेराव्यानंतर निघोजेला गेले. सुरेखानं चहा दिला आणि वडलांबद्दल विचारलं, "मॅडम, दादांना विसरायला व्हायला लागलं म्हणून ट्रॅकवरनं काढलं ना?"

"नाही गं. काच माझी होती. ते काहीच विसरले नव्हते."

ती उठली आणि भिंतीतल्या देवळीतली मोटारसायकलची चावी आणून तिनं माझ्यापुढे ठेवली. "आम्ही त्याच आठवड्यात ही काढून घेतली त्यांच्याकडनं. म्हटलं, विसरायला लागलेत, कुठंतरी धडकतील. दोन वर्षं चालत गेले कामावर. गाडी मागितली की आम्हीच ओरडायचो. तेव्हा म्हणायचे, 'थांबा जरा, सांगणारं माणूस येईल'… आम्हाला वाटायचं, हेही विसरण्यातलंच."