सात नंबरच्या बसमधली शांतता

लॉरेटा हावरिलुक एकवीस वर्षं कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका गावात सात नंबरची स्कूलबस चालवत होती. तिच्या बसमध्ये कुणी कुणाची टोपी पळवली, की ती गाडी कडेला घ्यायची आणि थर्मासमधली कॉफी ओतायची. "टोपी परत गेली की गाडी हलेल. मला कसलीच घाई नाही," म्हणायची.

ब्रिन सहा वर्षांची असताना तोतरी बोलायची. मागची पोरं तिच्या नावाची "ब्-ब्-ब्रिन" अशी गाणी करायची. लॉरेटाने एक दिवस तिला उचलून आपल्या पाठीमागच्या सीटवर बसवलं. "ही जागा तुझी. इथं बोलून दाखवू दे कुणाला!" नऊ वर्षं ब्रिन तिथंच बसत आली. तोतरेपणा गेला, उंची वाढली. नाताळात ती लॉरेटासाठी घरी केलेली बिस्किटं आणायची.

अलीकडे बस अगदी गपगार झाली होती. सगळ्यांच्या माना फोनमध्ये. डेपोत बाकीचे ड्रायव्हर पोरांच्या नावानं खडे फोडायचे, तेव्हा लॉरेटा ऐटीत सांगायची, "माझी शहाणी झालीत बरं का!"

जानेवारीत जोलीन फ्रीसेन सलग चार दिवस तिच्या घराच्या फाटकापाशी बसची वाट बघताना दिसली नाही. लांब वेण्यांची, अबोल पोर, ब्रिनच्याच वर्गातली. पाचव्या दिवशी पोरांना शाळेत सोडून लॉरेटा रिकामी बस घेऊन तिच्या घरी गेली. जोलीनची आई व्हर्ना दारातच म्हणाली, "तुमच्या गाडीत हे चालतं, आणि तुम्हाला पत्ता नाही?"

तिने फोन पुढे केला. एका पानावर जोलीनचे फोटो, दोन वर्षांतले, शंभराच्या वर. सँडविच खाताना, डुलकी लागलेली असताना, नाक पुसताना. प्रत्येकाखाली हसणारी तोंडं आणि मतदान: 'आज हिचा वास कितव्या सीटपर्यंत येतोय?' अर्ध्या शाळेने मत दिलं होतं.

खोलीचं दार किलकिलं झालं. जोलीनने वेण्या मुळापासून कापल्या होत्या, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं. डोक्यावर नुसते खुंट.

तिने पुन्हा फोटो पाहिले. जवळजवळ सगळे समोरून, मागे वळून काढलेले. फक्त एकात जोलीन बसमध्ये चढत होती; कडेला ड्रायव्हरच्या सीटची पाठ होती आणि तिच्यावर लॉरेटाचा स्वतःचा केशरी जाकीट घातलेला खांदा. असा फोटो एकाच जागेवरून निघू शकत होता.

"नाही हो," ती पुटपुटली. "ती नाही."

लॉरेटा तिथून सरळ मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी ब्रिनला बोलावलं. ती आधी नाही-नाही म्हणाली, मग रडकुंडीला आली. "ते नुसतं फोनवर होतं, मिस लॉरेटा! मी तिला हातसुद्धा लावला नाही!"

"तुलाही कुणी हात लावला नव्हता, ब्रिन."

ब्रिनचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती म्हणाली, "सगळे तिला हसत होते तोवर मला कुणी हसत नव्हतं."

लॉरेटाच्या डोळ्यांसमोर ती सीट आली. आपल्या पाठीशी हातभर अंतरावर, आपल्या आसऱ्याला, दोन वर्षं हे चाललं होतं. आणि आपण आरशात बघून समाधानानं कॉफी पीत होतो.

ब्रिनला फेब्रुवारी संपेपर्यंत शाळेतून काढलं. ते पान बंद झालं. लॉरेटाने दाराशी आइस्क्रीमची रिकामी बादली ठेवली. चढताना फोन तिच्यात. पहिल्याच दिवशी दोन पोरं सीटवरून भांडली.

मार्चमध्ये जोलीन परत आली, डोक्याला लोकरीची टोपी. लॉरेटाने आपल्या मागची सीट दाखवली.

"तिथं नको," जोलीन म्हणाली आणि चौथ्या रांगेत जाऊन बसली.

पुढच्या थांब्यावर ब्रिन उभी होती, तिचाही परतल्याचा पहिलाच दिवस. लॉरेटाचा हात दाराच्या दांड्यावर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबला. मग तिने दार उघडलं.

"मागं जाऊन बस," ती म्हणाली. "शेवटच्या रांगेत. आणि जाताना तिच्याकडे बघून सॉरी म्हण. मोठ्यानं."

ब्रिन जोलीनपाशी थांबली. पहिलं अक्षर तिच्या ओठांवर अडकलं, पुन्हा अडकलं, मग "स्-स्-सॉरी" बाहेर पडलं. अख्खी बस ऐकत होती. हसलं कुणीच नाही. जोलीन खिडकीबाहेर बघत राहिली, आणि लॉरेटाने गिअर टाकला.