टपावरच्या बाईचा जबाब

डॉक्टरने माझा मोडलेला हात लाकडी पट्टीने तपासला.

विमा कंपनीची नाशकातली कचेरी माडीवर होती. मला वर जायची मनाई. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. कंपनीचा डॉक्टर दोन पायऱ्या वर उभा राहिला. हाताला बांधलेल्या बांबूच्या कामट्या त्याने सोडायला लावल्या. मग एजंटाकडून पट्टी मागवली आणि तिच्या टोकाने माझं मनगट उचलून पाहिलं. आत हाड कुठे तुटलंय ते बोट लावल्याशिवाय कसं कळणार? पण बोट लावलं तर तो बाटणार.

"दुखणं कमी आहे ना आता?" त्याने विचारलं.

"जी," मी म्हणाले.

कळ पार मस्तकात गेली होती. तरी जी. आमच्या घरात पोर चालायला लागायच्या आधी त्याला जी म्हणायला शिकवत. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. त्या वर्षी गोदेकाठी आमच्या लोकांचा मंदिराचा सत्याग्रह चालू होता. मी कधी गेले नाही. विड्या सोडून कोण जाणार? डॉक्टरने काहीतरी लिहून घेतलं. गड्याने ती पट्टी माझ्यादेखत पाण्याने धुतली.

मी विड्या वळायचे. उजव्या हातावर आमचं अर्धं घर चालायचं. उरलेलं अर्धं नवऱ्याच्या हमालीवर. पेठला बहिणीचं बाळंतपण उरकून मी सर्व्हिस मोटारीने परत येत होते. परत येत होते म्हणजे मोटारीत नव्हे, मोटारीवर. आम्हा महारांना आत बसू देत नसत. भाडं पुरं घ्यायचे, तिकीट द्यायचे नाहीत, आणि टपावर हिरड्याच्या पोत्यांत चढवायचे. त्या दिवशी वर आम्ही सात जण होतो. घाटात वळणावर मोटार कठड्यावर आदळून कलंडली. आतल्यांना खरचटलं. आम्ही पोत्यांसकट खाली. एक म्हातारा जागच्या जागी गेला. माझ्या हातावर भरलेलं पोतं पडलं.

मोटारमालकाने हात झटकले. म्हणाला, गाडीचा विमा आहे, उतारूंची भरपाई कंपनी देते, तिकडे जा. तिकडे गेले. एजंट म्हणाला, मुंबईहून पत्र येऊ दे. पत्र आलं तर म्हणाला, तिकीट दाखव. जे कधी दिलंच नाही ते दाखवू कुठून? मग म्हणाला, साक्षीदार आण. त्या दिवशी मोटारीत आत एक मास्तर बसले होते. त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, मी आत होतो, वर कोण होतं ते मला कसं दिसणार? खोटं बोलले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला.

हिरड्याच्या व्यापाऱ्याला मात्र महिन्याभरात भरपाई मिळाली. पोत्यांची पावती होती. माझ्याकडे तिकीट नाही म्हणून मी उतारू नाही, पावती नाही म्हणून पोतंही नाही. मग त्या मोटारीवर मी होते तरी कोण?

दोन महिने मी ती पायरी झिजवली. तेवढ्यात हाड वाकडंच जुळलं. अंगठा बोटाला टेकेना. पान धरलं की सुटायचं, तंबाखू मांडीवर सांडायची. हाडवैद्य म्हणाला, परत मोडून बसवावं लागेल, इस्पितळात जा. त्याला पैसे हवेत. ते कंपनीकडे. आणि कंपनी माडीवर. रात्रंदिवस डोक्यात हेच फिरायचं आणि फिरून त्याच पायरीपाशी यायचं.

शेवटी एका शुक्रवारी एजंटाने बोलावलं. नवरा बरोबर आला. पायरीवर एक कागद आणि शाईची डबी ठेवून एजंट मागे सरकला. म्हणाला, कंपनी दया म्हणून पंचवीस रुपये देतेय, अंगठा दे आणि मोकळी हो.

नवरा हळूच म्हणाला, "दे की. इस्पितळाचं तरी भागंल."

मी विचारलं, कागदावर काय लिहिलंय? एजंटाला गंमत वाटली. त्याने सावकाश वाचून दाखवलं.

"ड्रायव्हरने मनाई केली असता मी आपल्या मर्जीने टपावर चढले. हात बरा असल्याचे मी स्वतः डॉक्टरांना सांगितले आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही."

पहिलं वाक्य त्यांचं होतं, धडधडीत खोटं. दुसरं माझं होतं. मी ते खरंच म्हणाले होते. त्या पट्टीखाली हात जळत असताना मी जी म्हणाले आणि त्यांनी ते जपून ठेवलं. मला कोणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्यांच्यावर होता तेवढाच माझ्यावर होता.

"अंगठा नाय देनार," मी म्हणाले. "मी मर्जीनं नव्हते चढले. हात बरा नाय. त्या दिशी भ्याले म्हनून जी म्हनले."

एवढं मोठं वाक्य मी कुठल्याच साहेबापुढे कधी बोलले नव्हते.

एजंट हसला. त्याने कागदाची घडी घातली. म्हणाला, "सोमवारी मी पेठला चाललोय. बाकीच्यांचे अंगठे आले की तुझ्या एकटीचं कोण ऐकतं? त्या म्हाताऱ्याच्या बायकोने तर हो म्हणूनही कळवलंय."

घराच्या दारात आल्यावर नवरा म्हणाला, "हात गेला, आता पैसं बी गेलं." ते खरं होतं. मी त्या हातासाठी रडले, पोटभर रडले.

मग भाकरी बांधून घेतली. पेठ दोन दिवसांची वाट, पायी. तिथे सहा घरं गाठायची होती: जगलेल्या पाच जणांची, आणि एक त्या म्हातारीचं. प्रत्येक दारात हा वाकडा हात दाखवायचा. सांगायचं, कागद आधी वाचून घ्या, आणि मनात नाही असेल तर तोंडाने नाही म्हणा.

एजंट सोमवारी मोटारीने येणार होता. रविवारी संध्याकाळच्या आत मला म्हातारीचं दार गाठायचं होतं.