डाव्या बाजूची मिशी

माझी मिशी डावीकडे कधी नीट उगवलीच नाही. लहानपणी कढईतलं तेल उडून ओठावर डाग पडला होता, तेवढ्या जागी केस विरळ. लोकांच्या ते ध्यानातही येत नसे. मला मात्र दुसरं काही दिसत नसे. जळगावात कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो, चार माणसं मान देत, पण कुणी जरा निरखून पाहिलं की सगळा मान गळून पडल्यासारखा वाटे. लग्नाच्या पंगतीत मी डावा गाल भिंतीकडे करून बसायचो.

दोंडाईच्याला मुलगी बघायला जायचं ठरलं, त्या सकाळी कात्री घेऊन आरशासमोर बसलो. उजवी बाजू जरा कमी केली, तर डावी लांब दिसली. मग डावी छाटली. असं करता करता नाकाखाली दोन ठिपके उरले. गाडीची वेळ झाली, म्हणून वस्तऱ्यानं तेही काढले.

आमच्याकडे मिशी उतरवतात ती वडील वारल्यावर. हे मला आठवलं गाडीत. समोर माझे वडील, आबा, शेंगा सोलत बसले होते. माझ्या ओठाकडे एकदा बघून त्यांनी पुढची शेंग फोडली.

दोंडाईच्याला उतरल्यावर आबांना ओळखीचा व्यापारी भेटला. त्यांनी मला मुलीच्या घरी पुढे पाठवलं. मुलीच्या वडिलांनी माझ्या ओठाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हाताला धरून मला बसवत, आबा कधी गेले, असं त्यांनी हळूच विचारलं, "कव्हय गयात तुमना आबा?"

मी तोंड उघडेपर्यंत बायकांनी डोळ्यांना पदर लावला होता. तेवढ्यात आबा दारात जोडे काढत म्हणाले, "कोन गया?"

पदर डोळ्यांवरून खाली आले. मग आतून पहिलं हसू आलं ते मुलीचं. सगळं घर हसायला लागलं, आबाही. लपवायला काही उरलं नव्हतं. मी कात्रीची सगळी हकिगत सांगून टाकली. मुलीचे वडील डाग बघायला जवळ आले. त्यांना तो सापडेना. मला बोट ठेवून दाखवावा लागला.

लग्न जमलं. पुढे बायकोनं सांगितलं, तिनं माझा ओठ धड पाहिलाच नव्हता. तिचे पाय मोठे म्हणून मावशीनं ते लुगड्याखाली घ्यायला बजावलं होतं. तिचा सगळा जीव तिकडे.

मिशी पुन्हा वाढवली, डावीकडे विरळच आली. आरशासमोर रेंगाळायची सवय काही लगेच सुटली नाही. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, चहा निवतोय," आणि मी उठायचो.