लाल पट्ट्यांची वाट

माझ्या धाकट्या बहिणीला, शोभाला, बघायला आलेल्या पाहुण्यांना मी दुसऱ्याच दिवशी जंगलात हरवून टाकलं.

हेतू वाईट नव्हता. मी तेव्हा साकोलीच्या बाजूला एका लहान गावी हायस्कुलात भूमिती शिकवत होतो. गावामागे जंगल, आणि जंगलात हायवेसाठी गिट्टी काढून सोडून दिलेल्या दगडाच्या खदानी. त्यांत पाणी साचून निळी तळी झाली होती. शहरातले लोक तब्येतीसाठी रानात फिरतात, असं मी कुठल्याशा साप्ताहिकात वाचलं आणि दिवाळीच्या सुट्टीत गेरूचा डबा नि ब्रश घेऊन मारुतीच्या देवळापासून खदानींपर्यंत फिरायची वाट आखली. थोड्या थोड्या अंतरावर झाडाला एक लाल पट्टा. पट्टा दिसला की समजायचं, आपण बरोबर चाललो. (त्या वाटेनं एकही माणूस फिरला नाही. आमच्या गावात जंगलात जाणारा सरपण नाहीतर टेंभराची फळं आणायला जाई, आणि त्याला वाट आधीच ठाऊक असे.)

म्हणून गोंदियाहून आलेल्या नानाजींनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, रविवारी सकाळी चहा पिता पिता विचारलं, "मास्तर, इकडं फिरायले काही जागा हाये का जी?" तेव्हा मला अगदी भरून आलं.

"जागा कायची, अख्खी वाट हाये. मीच आखली."

नानाजी रेल्वेतून रिटायर झालेले, रोज चालायची सवय. मुलगा सुरेश बँकेत होता आणि आल्यापासून एक अक्षर बोलला नव्हता. माझ्या बायकोनं, सुमननं, मला आत बोलावून हळूच सांगितलं, "शोभालेही घ्या. मीही चालते. पोरं चार शब्द बोलतील. तुम्ही नानाजीले पुढं पुढं न्या."

"जेवायच्या वेळेवर या रे," आई चुलीजवळून म्हणाली. "कोंबडा शिजवून ठेवते."

सुरुवात झकास झाली. देवळामागे पहिला पट्टा, नाल्यापाशी दुसरा. नानाजी म्हणाले, "वा मास्तर, डोकं लावलं तुम्ही." मी नम्रपणे हसलो. पहिली खदान आली, पाणी बघून सगळे खूष झाले. सुमननं मोहाच्या झाडाखाली चिवडा काढला. मग पुढे निघालो, आणि पट्टे वाढले.

"इथं तं सगळ्याच झाडांले पट्टे हायेत जी," नानाजी म्हणाले.

मला एवढे मारल्याचं आठवत नव्हतं. पण कौतुकाचा ओघ तोडवला नाही. "पुढं वाट अवघड हाये. म्हणून जास्त मारले."

"डावीकडंही हायेत, उजवीकडंही हायेत. जायचं कोणीकडं?"

"दोन्हीकडून जाता येते," मी म्हणालो.

डावीकडून गेलो. एका खदानीत उतरलो, पलीकडच्या कडेनं चढलो, दुसऱ्या खदानीत उतरलो. नानाजींचं धोतर काट्यात अडकलं, ते सोडवताना चपलेचा अंगठा तुटला. तुटकी चप्पल हातात घेऊन ते चालत राहिले. लाल पट्टे सगळीकडून आमच्याकडे बघत होते.

"काहो," सुमन म्हणाली, "हे मोहाचं झाड मघाशी पाहिलं नं आपण?"

"जंगलात मोहाची झाडं सारखीच दिसतात."

"याच्या बुडाशी चिवडा सांडला होता माझ्या हातून. तो पाहा, मुंगळे नेऊन राहिले."

ऊन डोक्यावर आलं. फिरकीच्या तांब्यातलं पाणी संपलं. नानाजी दगडावर बसले. तेव्हा सुरेशनं त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"हे जंगल कुठवर आहे?"

"पार मध्यप्रदेशापर्यंत," शोभा शांतपणे म्हणाली.

इतक्यात झाडीतून खाकी कपड्यातला नाकेदार आला, म्हणजे जंगल खात्याचा राखणदार. मला देव भेटल्यासारखं झालं. पण तो आमच्याकडे न बघता झाडावरच्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे पट्टे कोणं मारले?"

दोन तास मी खाली मान घालून चालत होतो. शेवटी कुणीतरी माझ्या कामाची दखल घेतली होती. मी छाती पुढे काढली. "मी मारले."

"तुम्हीच का ते? कवापासून शोधून राहिलो मी तुम्हाले."

मग उलगडा झाला. दिवाळीनंतर खात्यानं तोडायच्या झाडांना गेरूचे पट्टे मारले होते. माझ्याच रंगाचे. आता झाडांचा हिशेब जुळेना, आणि ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन येणार होती. कोणीतरी चोरून सागवान तोडून न्यायला जादा पट्टे मारून ठेवले, असं नाकेदाराचं ठाम मत होतं.

"साहेब, मी लोकांले फिरायसाठी मारले."

"फिरायले झाडं कायले रंगवा लागते?" त्यानं नानाजींकडे वळून विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

नानाजी उठले. धोतर झटकलं. "सध्या तं कोणी नाही. आज जेवून ठरणार होतं."

नाक्यावर जायची भीती होतीच, पण शोभाचं लग्न माझ्या गेरूच्या डब्यात बुडताना दिसत होतं. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. आणि तीच पुढे झाली.

"साहेब, दादाचे पट्टे आम्ही पुसून दिले तं चालन का?"

"चालन. पण कोणते कोणाचे, समजन कसं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्यांकडे पाहिलं. मला माझा एकही ओळखू येईना.

"तिरपे असतील ते दादाचे," शोभा म्हणाली. "तो भूमिती शिकवते, पण त्याची रेघ आजवर सरळ आली नाही."

नाकेदार जवळ जाऊन बघू लागला. काही पट्टे पट्टी लावल्यासारखे आडवे होते. काही डावीकडून निघून उजवीकडे चढत गेलेले. पहिला हसला तो सुरेश. इतका हसला की त्याला झाडाचा आधार घ्यावा लागला. मग नाकेदारही हसला, आणि नाक्यावर न्यायचं तिथंच राहिलं.

पुसायचं काम मात्र सुटलं नाही. सुरेश खदानीतून तांब्या भरून आणी, शोभा झाडावर पाणी ओती, मी खांद्यावरच्या नव्या दुपट्ट्यानं घासत असे. नाकेदार बिडी ओढत म्हणे, "अजून लाल दिसून राहिलं, मास्तर." नानाजी चप्पल हातात घेऊन पुढे पुढे जात आणि ओरडत, "हा तिरपा! इकडं या, अजून एक तिरपा!" मागे शोभा आणि सुरेश काहीतरी बोलत होते. बहुधा माझ्याबद्दलच, कारण दोघंही थांबून थांबून हसत होते. एकेक तिरपा पट्टा पुसत चाललो, आणि शेवटचा पुसला तेव्हा समोर मारुतीच्या देवळाचा झेंडा होता. माझी वाट बिनचूक होती, हे ती पुसून झाल्यावर सिद्ध झालं.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. नानाजी जेवणात कोंबडा खात राहिले. दुसऱ्यांदा रस्सा घेतल्यावर म्हणाले, "पोरगी आम्हाले पसंत हाये. नाकेदारापुढं मी मागं सरकलो, ती नाही सरकली. पण एक अट हाये."

आईच्या हातातली पळी थांबली. हुंडा किती मागतात, याचा मी मनातल्या मनात हिशेब मांडू लागलो.

"वरात उतरली का मांडवापर्यंत आणायले मास्तरले पाठवू नका."

लग्न उन्हाळ्यात झालं. मला पाण्याच्या टाक्यांवर देखरेखीला बसवलं होतं, आणि तिथून मी उठलो नाही. पाठवणीच्या वेळी मात्र राहवेना. नारळ घेऊन धावतच स्टँडवर गेलो. फुलांनी सजवलेली बस उभी होती. खिडकीत पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेली नवरी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "सांभाळून राहा वो बाई," म्हणालो आणि लहान मुलासारखा रडलो. तीही माझा हात धरून हुंदके देत होती. तिनं नारळ घेतला, बस सुटली. धुरात मी हात हलवत उभा होतो, तेवढ्यात मागून सुमन धापा टाकत आली.

"काहो, शोभा शाळेपुढं गाडीत बसून कवाची वाट पाहून राहिली तुमची. ही कोणाची नवरी होती?"

ते मला आजही माहीत नाही. पण बिचारी फार मनापासून रडली.