मशीनची पाकिटं आणि बिडीचा दोरा

दवाखान्यात औषधाच्या खिडकीशी चाळीस वर्षं बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस येतो, गोळ्या घेऊन जातो आणि किस्सा मागं ठेवून जातो. मी ते कुणाला सांगत नव्हतो. पण मशीन आल्यापासून इतके साठलेत की थोडे बाहेर काढल्याशिवाय जागा होणार नाही.

आमचा दवाखाना निपाणीहून सदलग्याकडं जाताना लागतो. ट्रस्टचा आहे. मी चौथी शिकलो. डॉक्टर चिठ्ठी देत, कंपाउंडर औषध काढत, मी पाकीट करून समजावून सांगत असे. कंपाउंडर वारले. त्यांच्या जागी खेड्यात यायला कुणी तयार होईना. म्हणून मशीन आणलं. कपाटाएवढं आहे. त्याला एक काच आणि काचेच्या वर कॅमेरा. काचेत फार्मासिस्ट मॅडम दिसतात. त्या बेळगावातल्याच अनगोळच्या, बसतातही बेळगावातच. चिठ्ठी बघतात, माणसाचं तोंड बघतात, तिकडून बटण दाबतात, आणि इकडं पाकीट पडतं.

मशीनचे नियम चार पानं आहेत. भिंतीवर चिकटवलेत. मी सगळे वाचलेत, बोट ठेवून वाचलेत. त्यातले दोन माझ्या विरुद्ध आहेत. मशीनजवळ प्रशिक्षण नसलेला माणूस बसवू नये, हा एक. पाकिटाला बाहेरून काही लावू नये, हा दुसरा.

मी मशीनशेजारी स्टुलावर बसतो आणि पाकिटाला बिडीचा दोरा बांधतो. एक गाठ सकाळची, दोन दुपारची, तीन रात्रीची. लेबल कन्नड आणि इंग्रजीत असतं. आमच्या अर्ध्या म्हाताऱ्यांना कुठल्याच भाषेतलं अक्षर येत नाही. भाषेवरून आमच्याकडं पुष्कळ भांडणं झाली. गाठीवरून एकही झालं नाही.

तर हे स्टूल आणि हा दोरा, दोन्ही काढा असं लेखी आलं होतं. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो.

*

मशीन आलं त्या वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी नांगराची, मागाची, गाडीची, सगळ्या अवजारांची पूजा होते. मशीननं काय पाप केलंय? मी ते पुसलं, झेंडूची माळ घातली, हळद लावली. वर मधोमध एक गोल काळं काहीतरी होतं. कपाळ समजून तिथं ठसठशीत कुंकू लावलं.

दसऱ्याची सुट्टी संपली. पहिला माणूस मशीनपुढं उभा राहिला. काचेतून मॅडम म्हणाल्या, "आप्पा, आज हे असे लालभडक का दिसाय लागलेत?"

दुसरा उभा केला. तोही लाल. तोंड स्पष्ट दिसलं नाही तर औषध द्यायचं नाही, असा नियम. सकाळभर मशीन बंद.

डॉक्टर तरुण आहेत, लवकर तापतात. "कॅमेऱ्याला कुंकू कुणी लावलं?"

"मी."

"चूक झाली म्हणा तरी."

"पूजा चुकली न्हाय," मी म्हणालो. "कपाळावर डोळा कुणी बसवला ते बघा."

पुढच्या वर्षी पूजा पुन्हा केली. कुंकू कुठं लावायचं ते मॅडमच काचेतून सांगत होत्या. "जरा खाली, आप्पा. अजून खाली."

*

औषध न्यायला दुसरं कुणी आलं तर त्यानं रुग्णाचं नाव मोठ्यानं सांगायचं, हाही नियमच. मॅडमनी आपल्या कानानं ऐकलं पाहिजे.

तानूबाई नवऱ्याच्या गोळ्या न्यायला आली. वय सत्तरीच्या पुढं. नवरा घरात, पाय मोडून पडलेला.

"पेशंटचं नाव सांगा," मॅडम म्हणाल्या.

तानूबाईनं पदर पुढं ओढला. "आमच्या ह्यांचं."

"ह्यांचं म्हणजे कुणाचं?"

"थोरल्या पोरीच्या बाचं."

"मावशी, नाव सांगा."

"चिठ्ठीवर हाय की. वाचाय येत न्हाय व्हय तुम्हास्नी?"

मॅडमना हसू आवरेना, पण त्या बटण दाबेनात. मागं रांग वाढली. मी नाव सांगायला गेलो, तर मॅडम म्हणाल्या, "तुमचं चालत न्हाय आप्पा. त्यांनीच सांगायला पायजे." पन्नास वर्षांत तानूबाईनं ते नाव लग्नाच्या मांडवाबाहेर घेतलं नव्हतं. ती दोन पावलं मागं सरली, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि दणक्यात म्हणाली,

"काचेतल्या मॅडम, बघताय काय टकामका,
दत्तूरावांच्या गोळ्या द्या, परत नाव विचारू नका."

पाकीट पडलं. आता तानूबाई दर महिन्याला नवीन रचून आणते. रांगेतल्या बायका तिला मुद्दाम पुढं सोडतात.

*

शेवंताआक्का बिडीवाली. लहानपणापासून बिड्या वळते. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. ती मोजत नाही, हातात धरते आणि सांगते. बायका गोल करून वळायला बसतात, आणि दहा जणींच्या बिड्या एकत्र केल्या तरी आपली कुठली ते तिला कळतं. दोऱ्यावरून कळतं. प्रत्येकीचा हात वेगळा, असं ती म्हणते.

एकदा मशीनमधून तिच्या साखरेच्या आजाराच्या गोळ्यांचं पाकीट पडलं. तीस गोळ्यांचं. तिनं ते न उघडता बोटांनी चाचपलं. "एक कमी हाय."

मॅडमनी तिकडं बघितलं. "मशीनमध्ये तीस नोंद हाय, आक्का. मशीन चुकत न्हाय."

"माझी बोटं चुकत्यात व्हय मग?"

"तसं न्हाय..."

"आप्पा, फोडा."

मी कॅमेऱ्यासमोर पाकीट फोडलं. एकेक गोळी टेबलावर मांडली. एकोणतीस!

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्यानं मशीनचा घसा उघडला. आत एका वळणावर सात गोळ्या अडकल्या होत्या. म्हणजे शेवंताआक्काच्या आधी सहा गोळ्या कमी गेल्या होत्या, आणि मशीननं सगळ्यांची तीसच नोंद केली होती.

त्या दिवसापासून पाकीट हातात देण्याआधी बोटांनी मोजायचं, असं मॅडमनी ठरवलं. मोजायचं काम माझ्याकडं आलं. हे कुठल्या नियमात लिहिलंय, असं मी विचारलं नाही.

*

मी नियम मानत नाही असं कुणी समजू नये.

रस्ता खणताना केबल तुटली. मॅडम काचेतून गेल्या. मॅडमची नजर नसेल तर मशीन उघडायचं नाही, हे तिसऱ्या पानावर आहे. तेवढ्यात गावातले एक पुढारी आले. बरोबर चार माणसं. आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या पाहिजे होत्या. घरात दोन दिवसांच्या शिल्लक आहेत, हे मी आधी विचारून घेतलं.

"किल्ली तुझ्याकडंच हाय न्हवं?"

"हाय."

"मग उघड."

"मॅडम बघितल्याशिवाय न्हाय."

"आरं, मला ओळखत न्हाईस व्हय?"

"मी वळखतो," मी म्हणालो. "मशीन वळखत न्हाय."

ते बाकावर बसले. दोन तासांनी लाइन आली. मॅडमनी नाव विचारलं. त्यांनी पुटपुटत सांगितलं. स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसणार, आईचं तर लांबच.

"ऐकू आलं न्हाय," मॅडम म्हणाल्या.

बाकावरची सगळी माणसं छताकडं बघू लागली.

*

मग स्टूल आणि दोरा काढा म्हणणारं ते सरकारी पत्र आलं. तपासणीचे साहेब येणार आहेत, तोवर दोरा बंद ठेवा, असं ट्रस्टनं सांगितलं. स्टुलाचं ते आल्यावर बघू म्हणाले. मी आठ दिवस गप्प बसलो. आयुष्यात माझं तेवढंच चुकलं.

शेवंताआक्का त्या आठ दिवसांत औषध घेऊन गेली. दोन पाकिटं, दोन्ही पांढरी. एकात साखरेची सकाळची गोळी, दुसऱ्यात दुपारची ताकदीची. तोंडानं मी सांगितलं होतं. पण घरी गेल्यावर तोंडाचं काय राहतं? तिनं साखरेची सकाळी घेतली आणि दुपारी पुन्हा तीच घेतली. उपाशी पोटी. बिड्या वळता वळता कोसळली. शेजारणीनं तोंडात गुळाचा खडा कोंबला म्हणून उठून बसली.

पडल्यावर चौथ्या दिवशी ती दवाखान्यात आली. मला वाटलं, शिव्या देईल. मी त्या खायला तयार होतो. तिनं दोन्ही पाकिटं माझ्यापुढं ठेवली. शेजारी बिडीच्या दोऱ्याचं नवं रीळ ठेवलं.

"दोरा संपला आसंल म्हणून आणला," म्हणाली.

मी त्याच मिनिटाला बांधायला घेतलं. ट्रस्टला निरोप पाठवला, काढायचं असेल तर मला काढा, दोरा निघणार नाही.

*

मात्र पत्र आल्यावर कॅमेऱ्यासमोर बांधलं असतं तर मॅडम अडचणीत आल्या असत्या. त्यांनी बघितलं आणि कळवलं नाही, तर दोष त्यांचा. म्हणून मी टेबलाखाली हात घालून बांधू लागलो. चाळीस वर्षांची सवय, बघावं लागत नाही.

आठवडाभरानं मॅडम म्हणाल्या, "आप्पा, सारखं टेबलाखाली हात घालून काय करताय?"

"खाज सुटलीया."

"सगळ्या पेशंटच्या वेळी सुटत्या?"

"व्हय."

"डॉक्टरना दाखवा," म्हणाल्या आणि पुढचं बटण दाबलं.

*

साहेब आले. मराठी बोलत होते, पण जपून, कागदावरची. मी स्टुलावरून उठलो नाही.

"हा दोरा कोण बांधतं?"

"मी."

"शिक्षण?"

"चौथी."

"प्रशिक्षण घेतलं आहे?"

"घेतलं न्हाय, दिलंय. इथं आलेल्या प्रत्येक डॉक्टरला."

डॉक्टर खोकले. साहेबांनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "काका, तुमचा हेतू चांगला आहे. पण गाठ कुणीही मारू शकतं. घरात कुणी चुकून एक गाठ वाढवली, तर सकाळची गोळी दुपारी जाईल. लेबल असं बदलता येत नाही. जबाबदार कोण?"

प्रश्न खरा होता.

शेवंताआक्का आपली पाकिटं घेऊन निघाली होती. मॅडम काचेत होत्या. साहेबांनी तिच्याकडून एक पाकीट मागून घेतलं. साखरेचं, एका गाठीचं. ते पाठमोरे झाले, दोऱ्याला आणखी एक गाठ मारली आणि पाकीट परत तिच्या हातात दिलं.

"आजी, ही गोळी कधी घ्यायची?"

तिनं पाकिटाकडं बघितलं नाही. ती साहेबांच्या तोंडाकडं बघत होती. अंगठा फक्त दोऱ्यावरून फिरला.

"दोन गाठी हायत," ती म्हणाली.

साहेब माझ्याकडं वळले. "बघा. म्हणजे दुपारची झाली."

"थांबा की वो," शेवंताआक्का म्हणाली. "एक गाठ आप्पांची हाय. दुसरी कुणाची?"

तिनं पुन्हा अंगठा फिरवला.

"आप्पा दोऱ्याचं टोक आत दाबत्यात. हिचं टोक मोकळंच सोडलंय. ही ज्यानं मारली त्येला आमच्यात बिडी वळाय कोण बसवून घेणार न्हाय." तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. "हे मी नेत न्हाय."

साहेबांनी पाकीट उचललं आणि आपली गाठ सोडायला घेतली. नखं लावली. चष्मा वर केला, पुन्हा नखं लावली. दोरा बारीक असतो, गाठ सुटेना. शेवटी शेवंताआक्कानं ते त्यांच्या हातातून घेतलं, दोरा तोडून टाकला आणि पाकीट माझ्यापुढं सरकवलं.

मी रीळ टेबलावर घेतलं. टेबलाखाली नाही, वर. साहेब मशीनपुढंच उभे होते, हातात फाइल. बांधा म्हणाले नाहीत, बांधू नका म्हणाले नाहीत. मी दोरा ओढला.

काचेतून मॅडमचा आवाज आला.

"साहेब, जरा बाजूला व्हा. आप्पांचे हात मला दिसत न्हाईत."